पोस्टवरून स्वभावपत्रिका: हा खेळ चालतो कसा?

खेळ साधा आहे. आपल्या फेसबुकवरच्या, एक्सवरच्या नाहीतर इन्स्टाग्रामवरच्या चाळीस-पन्नास पोस्ट उचलायच्या, चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला द्यायच्या आणि म्हणायचं, ‘यावरून माझा स्वभाव सांग. जरा खेचून सांग, राग येणार नाही.’ काही सेकंदांत उत्तर हजर. ‘पहाटे साडेपाचला सूर्योदय, रात्री साडेबाराला राजकारण आणि मधल्या वेळात मिसळ. तुम्हाला मनःशांती हवी आहे, पण ती मिळाल्याचं आधी सगळ्यांना कळवायचं आहे.’ आपण हसतो, स्क्रीनशॉट काढतो, मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. तिथे कुणीतरी लिहितं, ‘अगदी बरोब्बर ओळखलंय तुला!’ आणि अर्ध्या तासात सगळा ग्रुप आपापली पत्रिका काढून घ्यायला रांगेत उभा.

यात नवं आहे ते फक्त यंत्र. हौस जुनीच. दारावर येणारा कुडमुड्या जोशी घरात पाऊलही न टाकता घरातलं सगळं सांगायचा: ‘माऊली, पैसा येतो पण हाती टिकत नाही. तू सगळ्यांचं करतेस, पण केलेल्याची कुणाला जाणीव नाही. घरातल्या एका माणसाशी तुझं पटत नाही.’ ज्याला हे लागू नाही असं एक तरी घर दाखवा. २०२२ मध्ये स्पॉटिफायने वर्षभर ऐकलेल्या गाण्यांवरून प्रत्येकाला सोळांपैकी एक ‘स्वभाव’ चिकटवला होता. २०२४ मध्ये वर्डवेअर नावाच्या कंपनीने एक्सवरचं नाव टाकलं की तुमची टर उडवणारं पान काढलं आणि ते बघता बघता जगभर फिरलं. आता तर वेगळं पानही लागत नाही, खिशातल्या फोनवरचं एआय हे काम करतं.

या उत्तरात तीन प्रकारची वाक्यं मिसळलेली असतात आणि दिसायला ती सारखीच असतात. काही कुणालाही लागू पडतात. काही तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला परत ऐकवतात. आणि थोडी, अगदी थोडी, तुम्ही कुठेही न लिहिलेलं खरोखर ओळखून सांगतात. आपल्याला हसू येतं ते पहिल्या दोन प्रकारांचं. जपायला हवं ते तिसऱ्यापासून, आणि तो प्रकार नेमका कुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये नसतो.

सगळ्यांची एकच पत्रिका

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक स्वभावचाचणी भरून घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या नावाचा निकाल दिला आणि विचारलं, हा तुम्हाला कितपत जुळतो? शून्य ते पाच गुण द्या. सरासरी आली ४.२६. मग उलगडा झाला की सगळ्यांच्या हातातला कागद एकच होता. त्यातली वाक्यं फोरर यांनी स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपल्याला मान द्यावा असं तुम्हाला वाटतं. तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण ती पुरती वापरली गेलेली नाही. बाहेरून तुम्ही शिस्तीचे दिसता, आतून मात्र धास्तावलेले असता. साधारण या धाटणीची.

पुढे पॉल मील यांनी १९५६ मध्ये या प्रकाराला सर्कसवाल्या बार्नमचं नाव दिलं, तेव्हापासून तो ‘बार्नम परिणाम’ म्हणून ओळखला जातो. मला मात्र फोरर यांच्यापेक्षा फ्रान्समधल्या मिशेल गोकलँ यांचा प्रयोग जास्त झणझणीत वाटतो. त्यांनी १९६८ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्रात फुकट पत्रिकेची जाहिरात दिली आणि जन्मवेळ कळवणाऱ्या सगळ्यांना एकच, संगणकाने काढलेली पत्रिका धाडली. हे वर्णन आपल्याला जुळतं, असं उत्तर देणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कळवलं. ती पत्रिका होती डॉक्टर मार्सेल पेतियो याची. नाझींपासून पळणाऱ्यांना देशाबाहेर काढून देतो असं सांगून त्याने त्यांना आपल्या घरात मारलं होतं. १९४६ मध्ये त्याला गिलोटिनवर चढवलं गेलं.

पेतियोची पत्रिका गृहस्थाला जुळते, बाईंना जुळते, पेन्शनरला जुळते. कारण आपण वाचताना पडताळा घेतच नाही. ‘तुम्ही वरवर शांत, पण आतून अस्वस्थ’ हे वाक्य समोर आलं की मेंदू लगेच गेल्या आठवड्यातला एखादा प्रसंग काढून देतो. न जुळणारे प्रसंग शोधायला कुणी बसत नाही. वर ते वाक्य थोडं गोड असेल तर बघायलाच नको.

एआयला ही भाषा उत्तम येते. यात त्याचा काही डाव नाही. हे मॉडेल ज्या अफाट मजकुरावर शिकलंय त्यात राशिभविष्यं आहेत, ‘तुम्ही कोणतं फूल आहात’ छापाच्या प्रश्नमंजुषा आहेत, मासिकांतले स्वभावविशेष आहेत. ‘स्वभाव सांग’ म्हटल्यावर या जातीच्या लिखाणात पुढे काय येतं तेच ते लिहीत जातं. शिवाय उत्तर वाचणाऱ्याला आवडावं असं वळण त्याला शिकवतानाच लावलेलं असतं. म्हणून ‘खेचून सांग’ म्हटलं तरी शेवटी एक हळुवार वाक्य येतंच: ‘पण या सगळ्या विनोदामागे एक अतिशय संवेदनशील मन आहे.’ आता ‘संवेदनशील मन नाही’ असं कोण म्हणेल!

पारख करायची असेल तर प्रत्येक वाक्य उचलून दुसऱ्यावर ठेवून बघा. मावशीला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि ज्याच्याशी तुमचं मुळीच जमत नाही त्या सहकाऱ्याला हेच वाक्य खपलं असतं का? खपत असेल तर ते तुमच्याबद्दल नाही. याहून मजेदार प्रयोग म्हणजे मित्राच्या पोस्ट देऊन आलेलं उत्तर तुमचं म्हणून बायकोला वाचून दाखवा. ती ‘अगदी खरं’ म्हणाली तर यंत्र किती पाण्यात आहे ते कळलं. (बायको किती पाण्यात आहे याची चर्चा करू नये.)

तुमचंच बोलणं, तुम्हालाच परत

मिसळीचा उल्लेख, साडेबाराची वेळ, सूर्योदयाचे फोटो. उत्तर ‘बरोब्बर’ वाटतं ते या तपशिलांमुळे. पण हे ओळखणं नव्हे. तपशील तुम्हीच दिलेले आहेत. मॉडेलने पन्नास पोस्ट वाचल्या, वारंवार येणारे विषय वेचले, त्यातले दोन एकमेकांना न शोभणारे शेजारी ठेवले आणि चिमटा काढला. विनोद म्हणून कौशल्य छानच आहे. नकलाकार हेच करतो.

या खेपेला एक गोष्ट जरूर करून बघावी. त्याच पोस्ट नव्या चॅटमध्ये पुन्हा द्या. पहिल्यांदा ‘स्वतःशीच झगडणारा आदर्शवादी’ असलेला माणूस दुसऱ्यांदा ‘व्यवहारी पण हळवा’ होऊन येईल. थर्मामीटर एकाच तापाला एकदा १०० आणि एकदा १०३ दाखवायला लागला तर आपण तो टाकून देतो. इथे आपण दोन्ही स्क्रीनशॉट जपून ठेवतो.

आणखी एक घोटाळा आपल्याकडचा आहे. मराठी फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅपवर निम्मा माल ‘साभार’ असतो. कुणाची तरी कविता, नाव गळालेला लेख, सकाळच्या नमस्कारासोबत आलेला सुविचार. मॉडेलला हे कळेलच असं नाही. ज्याने ‘नाती जपा, माणसं जपा’ दहा वेळा पुढे ढकललं तो त्याच्या हिशेबी कुटुंबवत्सल ठरतो, मग तो भावाशी चार वर्षं का बोलत नसेना. उपरोधाचंही तेच. खड्ड्यात बसलेल्या रिक्षाचा फोटो टाकून ‘आमच्या वॉर्डात जलक्रीडेची उत्तम सोय’ लिहिणाऱ्याला नगरसेवकाचं कौतुक करणारा समाधानी नागरिक समजलं जाऊ शकतं. बहुतेक वेळा मॉडेल असे टोमणे पकडतं, पण पकडलं नाही तेव्हा तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकतं.

मग यात खरं विज्ञान आहेच की नाही?

आहे, आणि ते गमतीपेक्षा बरंच रुक्ष आहे.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायची आजची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे पाच गुणांची: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, समंजसपणा आणि चिंतातुरता. ही पाच नावं कुणा ऋषीला स्फुरलेली नाहीत. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेगळे काढले. पुढच्या काही दशकांत अनेकांनी त्यातले एकत्र फिरणारे शब्द गटांत बसवले आणि फिरून फिरून पाच गट हाती येऊ लागले. यात ‘तुम्ही अमुक प्रकारचे’ असं काही नसतं. प्रत्येक गुणाची एक पट्टी असते आणि माणूस त्या पट्टीवर कुठेतरी असतो, बहुतेक जण मधल्या भागात. ‘तुम्ही मध्यम बहिर्मुख आहात’ हा स्क्रीनशॉट कोण टाकणार?

२००७ मध्ये डेव्हिड स्टिलवेल यांनी फेसबुकवर ‘मायपर्सनॅलिटी’ नावाचं एक ॲप टाकलं. लोक गंमत म्हणून प्रश्नावली भरत, आपले गुण बघत, आणि अनेकांनी आपलं फेसबुक खातंही संशोधनासाठी खुलं केलं. पुढे मिखाल कोसिन्स्की त्यांना येऊन मिळाले. २०१३ मध्ये त्यांनी सुमारे ५८,००० लोकांच्या ‘लाइक’वरून काय काय ओळखता येतं ते प्रसिद्ध केलं. वंश, राजकीय पक्ष, लैंगिक कल या गोष्टी बऱ्याच अचूकपणे सांगता येत होत्या. सर्वांत गाजलं ते एक विचित्र निरीक्षण: कुरळ्या फ्रेंच फ्राइजच्या पानाला लाइक करणारे बुद्ध्यांकाच्या चाचणीत वर होते. आता बटाटा खाऊन कुणी हुशार होत नाही. ज्यांच्यात ते पान हातोहात पसरलं तो गोतावळाच तसा असावा. असे धागे टिकतही नाहीत. बातमी छापून आली की लोक मुद्दाम लाइक करतात आणि खूण पुसली जाते.

२०१५ मध्ये याच मंडळींनी, वू यूयू यांच्यासह, आणखी मोठा दावा केला. ८६,२२० जणांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष असा की १० लाइक दिल्या तर संगणक सहकाऱ्यापेक्षा, ७० दिल्या तर मित्रापेक्षा, १५० दिल्या तर घरच्यांपेक्षा आणि ३०० दिल्या तर नवऱ्या-बायकोपेक्षा माणसाचा स्वभाव जास्त जवळून सांगतो. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हे उचलून धरलं. पण ‘खरा स्वभाव’ म्हणून जे धरलं होतं ते त्या माणसाने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीचे गुण. स्वतःला ‘मी अजिबात चिडका नाही’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल बायकोचं मत वेगळं असेल, तर या अभ्यासात चूक बायकोची धरली जाते. शिवाय जवळच्यांनी भरायची प्रश्नावली फक्त दहा प्रश्नांची होती.

‘अचूक’ म्हणजे किती, तेही बघू. लाइकवरचा संगणकाचा अंदाज आणि माणसाचे स्वतःचे गुण यांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे तंतोतंत मेळ) ०.५६ निघाला. नुसत्या लिखाणावरून अंदाज बांधणाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, तोही २०१५ चाच, हा आकडा सरासरी ०.३८ च्या आसपास होता. ०.५६ म्हणजे ५६ टक्के बरोबर, असं नव्हे. समजा दोन अनोळखी माणसं घेतली आणि यांतला जास्त बोलघेवडा कोण ते विचारलं. नाणं उडवलं तर १०० पैकी ५० वेळा बरोबर येईल. ०.३८ च्या यंत्राचं गणिताने साधारण ६२ वेळा येतं, ०.५६ च्या यंत्राचं ६९ वेळा. लाखो लोकांना साबण विकायचा असेल तर हा फरक सोन्यासारखा आहे. एका माणसाला ‘तू असा आहेस’ म्हणायला तो फार तोकडा आहे.

साबणाचं म्हणतोय ते उगाच नाही. २०१७ मध्ये सॅन्ड्रा मॅट्झ आणि सहकाऱ्यांनी सौंदर्यप्रसाधनाची एकच जाहिरात दोन तऱ्हांनी केली, बोलक्यांसाठी गजबजलेली आणि अबोलांसाठी शांत. त्यांच्या सगळ्या प्रयोगांतून मिळून या जाहिराती ३५ लाखांहून जास्त लोकांपर्यंत गेल्या, आणि स्वभावाला जुळणारी जाहिरात दिसली की खरेदी वाढत होती.

लिखाणातून स्वभाव कळतो तो कशावरून? आपल्याला वाटतं विषयांवरून. जेम्स पेनबेकर यांनी आयुष्य घालवलं ते मात्र बारक्यासारक्या शब्दांत: मी, तो, पण, कारण, नाही. इंग्रजीत खचलेला माणूस आणि हाताखालचा माणूस ‘मी’ जास्त वापरतो, असं त्यांना दिसलं. मराठीत हा हिशेब जसाच्या तसा लागत नाही. ‘काल दमून घरी आले आणि तशीच झोपले’ या वाक्यात ‘मी’ नाही, पण बोलणारी कोण ते क्रियापदाने सांगून टाकलं. इंग्रजी वाक्यातून बाई की पुरुष हे यंत्राला ताडावं लागतं, मराठीत ते व्याकरणातच मिळतं. अपवाद कोल्हापूरकडचा. तिथली पोरगी ‘आलो, जेवलो आणि झोपलो’ म्हणते आणि यंत्राचा पार गोंधळ उडवते.

पत्रिकेत न छापलेलं

तिसरा प्रकार हा. तुम्ही लिहिलं नाही, तरी कळलं.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या ५२० खात्यांच्या कमेंट चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ या मॉडेलला दिल्या आणि राहण्याचं ठिकाण, वय, शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय असलं काही ओळखायला सांगितलं. पहिल्याच अंदाजात सुमारे ८५ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण आता बरंच प्रसिद्ध आहे. कामावर जाताना एका चौकात ‘हुक टर्न’साठी ताटकळावं लागतं, एवढंच कुणीतरी लिहिलेलं. गावाचं नाव नाही. पण डाव्या कडेला थांबून उजवीकडे वळायची ती तऱ्हा म्हणजे मेलबर्नची ओळख. यंत्राने तेच सांगितलं.

आपल्याकडे असे हुक टर्न पावलोपावली आहेत. मिसळीच्या रश्शाला कुणी ‘तर्री’ म्हणतो, कुणी ‘कट’, कुणी ‘सॅम्पल’. पहिला नागपूरकडचा, दुसरा कोल्हापूरकडचा, तिसरा पुण्याचा असण्याची शक्यता दांडगी. ‘काय करून राहिला बे’ लिहिणाऱ्याने विदर्भाचा पिनकोडच दिला. हिवाळ्यात भरीत पार्टीचे फोटो म्हणजे जळगावची बाजू. सकाळी दारावर पोई (तिथला पाव) घेतली म्हणणारा गोव्यात आहे. गणपती मंगळवारी बसले असताना ‘आमच्याकडे शनिवारी बसवणार’ म्हणणारं घर बहुधा न्यू जर्सीत नाहीतर तिथल्याच कुठल्याशा महाराष्ट्र मंडळात आहे, कारण तिकडे सुट्टीचा दिवस बघून सण उरकावे लागतात.

वयाचंही असंच. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. पोस्टमध्ये ‘व्हीटीला उतरलो’ असेल तर लिहिणाऱ्याने लोकलचा पहिला पास कधी काढला असेल याचा अंदाज येतो. पुण्याची पीएमटी २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीत मिसळून पीएमपीएमएल झाली, तरी जुना पुणेकर अजून ‘पीएमटी’नेच जातो. ‘आम्ही जुन्या अकरावीचे’ म्हणणाऱ्याची शाळा सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीच सुटलेली. यातलं एकेक चिन्ह चुकू शकतं. आजोबांच्या तोंडचं ‘व्हीटी’ नातवालाही लागतं. पण तीन-चार चिन्हं एकाच दिशेला बोट दाखवायला लागली की अंदाज पक्का होत जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त इथे शितं हजार आहेत आणि चाचपणारा हात थकत नाही.

पूर्वीही एखाद्या चिकाट्याला हे जमलं असतं. दोन दिवस बसून सगळी टाइमलाइन वाचली असती. आता मिनिटभरात होतं आणि हजार जणांचं एकदम होतं. खरा बदल एवढाच आहे, पण तो पुरेसा आहे. ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून फोन करणाऱ्या भामट्याला तुमचा समंजसपणा किती टक्के आहे याच्याशी कर्तव्य नसतं. मुलगी पुण्याबाहेर शिकते, नवरा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दौऱ्यावर जातो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हे त्याला हवं असतं.

निवडणूक-प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण याच वाटेवरचं. अलेक्झांडर कोगन यांचं स्वभावचाचणीचं ॲप काही लाख लोकांनी घेतलं, आणि फेसबुकच्या तेव्हाच्या नियमांमुळे त्यांच्या मित्रांची माहितीही त्यासोबत गेली. फेसबुकनेच दिलेला आकडा ८ कोटी ७० लाख खात्यांपर्यंतचा होता. भारतात ते ॲप घेतलं होतं ३३५ जणांनी, आणि माहिती जाण्याचा धोका होता ५ लाख ६२ हजारांहून जास्त लोकांना. हे २०१८ मध्ये बाहेर आलं. त्या स्वभावचित्रांनी मतं फिरली का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे आणि मला स्वतःला तो प्रभाव बराच फुगवलेला वाटतो. पण ३३५ वरून साडेपाच लाख, या गुणाकारात वादाला जागा नाही. खेळ एकाने खेळला, पत्ते बाकीच्यांचे उघडे पडले. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या गप्पा निर्यात करून एआयला ‘आमच्यातला सगळ्यात आळशी कोण’ विचारणाऱ्याने हे आठवावं. त्या गप्पांत कुणाच्या तरी घटस्फोटाची तारीखही असते.

‘पानी’ लिहिणारा

स्वभाव सांगताना यंत्र आपले पूर्वग्रहही बरोबर घेऊन येतं, आणि मला या खेळातली ही बाजू सर्वांत जास्त खटकते.

२०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. एकच आशय एकदा प्रमाण अमेरिकन इंग्रजीत आणि एकदा कृष्णवर्णीयांच्या बोलीत लिहून भाषा-मॉडेलांना दाखवला आणि बोलणारा कसा असेल ते विचारलं. बोलीत लिहिणाऱ्याला मॉडेलांनी कमी प्रतिष्ठेची कामं सुचवली आणि काल्पनिक खटल्यात जास्त वेळा दोषी ठरवलं. वंशाचा उल्लेख कुठेही नव्हता. थेट विचारलं तर हीच मॉडेलं कृष्णवर्णीयांबद्दल चांगलंच बोलत होती.

मराठीत ‘पाणी’ला ‘पानी’ लिहिणाऱ्याच्या पोस्टखाली काय होतं ते आपण रोज बघतो. मुद्दा कितीही बिनतोड असो, पहिली कमेंट ‘आधी शुद्ध लिहायला शिका’ अशी पडते. ण आणि न वरून आपण माणसाचं गाव, शाळा आणि जात ठरवून मोकळे होतो, आणि तोंडाने म्हणतो की फक्त भाषेबद्दल बोलतोय. आडनावाचं तर विचारूच नका. हाच मजकूर वाचून शिकलेल्या यंत्राने त्याच माणसाला ‘बेशिस्त, भावनेच्या भरात लिहिणारा’ म्हटलं तर ते स्वभावाचं वर्णन नसतं, आपल्या कमेंटींचा सारांश असतो. नोकरीच्या अर्जदारांची खाती चाळणाऱ्याने किंवा स्थळ बघताना मुलीची प्रोफाइल एआयला देणाऱ्या मामांनी हे उत्तर ‘तटस्थ’ समजून घेतलं, की खेळ खेळ राहिला नाही.

माणसंही पोस्टवरून स्वभाव ओळखतात आणि त्यांनाही सगळं दिसत नाही. २०१० मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या खात्यांवर झालेल्या एका अभ्यासात अनोळखी लोकांना प्रोफाइल बघून बहिर्मुखता आणि नव्याची ओढ बरी ओळखता आली. चिंतातुरता ओळखणं सर्वांत अवघड गेलं. साहजिक आहे. ट्रेकचे फोटो पडतात, रात्री अडीचला छताकडे बघत पडल्याचे पडत नाहीत.

कायद्याचा आधार शोधायला जाल तर तोही इथे जरा पातळ आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा भारतीय कायदा, माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय: एखादी व्यक्ती आपली मतं लिहिताना स्वतःची माहिती समाजमाध्यमावर सगळ्यांसाठी खुली करते, तेव्हा या कायद्याच्या तरतुदी तिला लागत नाहीत. म्हणजे खुल्या खात्यावरची मिसळ, सूर्योदय आणि आईचं ऑपरेशन, सगळं कुणीही उचलावं.

म्हणून खेळायचंच असेल तर प्रश्न बदलून खेळा. स्वतःच्याच पोस्ट द्या, नाव आणि फोटो काढून टाका, आणि स्वभावाऐवजी विचारा: ‘या माणसाचं वय, गाव, नोकरी, घरातली माणसं आणि महिन्याची मिळकत ओळख. प्रत्येक अंदाज कुठल्या ओळीवरून बांधलास ती ओळ दाखव.’ ओळ दाखवायला सांगणं महत्त्वाचं, त्याशिवाय पुन्हा जोशीबुवाच बोलायला लागतात. या उत्तरात हसण्यासारखं फार काही नसेल, पण काय झाकायचं ते कळेल.

आणि झाकायचं ते बहुतेकदा तुमच्या पोस्टमध्ये नसतंच. ते असतं शाळेच्या बॅचच्या फोटोवर झालेल्या टॅगमध्ये, सोसायटीच्या पानावर पाण्याच्या टँकरवरून घातलेल्या वादात, आत्याने खाली लिहिलेल्या ‘नवीन फ्लॅटची किल्ली मिळाली का रे?’ या प्रश्नात. प्रोफाइलवरून जन्मतारीख काढून टाकली असेल, तरी दरवर्षी एका ठरावीक दिवशी शंभर जण भिंतीवर केक ठेवून जातात, आणि त्यातला एखादा वर्गमित्र ‘पन्नाशीत स्वागत’ लिहून वर्षही सांगून जातो. आपल्या भिंतीवर कोणी लिहावं आणि ते कोणाला दिसावं, हे फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘प्रोफाइल आणि टॅगिंग’खाली बदलता येतं. पुढच्या वाढदिवसाआधी बदलून टाका. वर्गमित्राला फोन करून शुभेच्छा देता येतील.